हलगीचा ठेका आणि माझी रॅम डिस्क

मित्रांनो, कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या फळीवर खाकी खोळ घातलेली एक करडी पेटी ठेवलेली आहे. त्या खोळीवर गुलालाचा मोठा डाग आहे. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, ही खोळ धुवायला का टाकत नाही? ती कोणी धुणार नाही. तो डाग हा माझा मान आहे. मी एक जुना घरगुती संगणक आहे, आणि हा मान मला कसा मिळाला, तेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. संगणक म्हणजे मोठ्या कचेरीतल्या थंड खोलीत ठेवायचे यंत्र, अशी त्या काळी समजूत होती. माझ्यासारखे छोटे संगणक त्या समजुतीला धक्का देण्यासाठीच घडवले गेले. माझे सारे अंग कळफलकाच्या पेटीतच सामावलेले. पडदा माझा स्वतःचा नव्हे. घरातला दूरदर्शन संच जोडला की तोच माझा चेहरा. बोटीने मी मुंबईला आलो आणि तेथून एका हौशी गृहस्थाच्या हाती पडलो. त्यांचे नाव विजयसिंह. त्यांनी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती आणि याच दुकानात ते रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही दुरुस्त करीत.

विजयसिंहांची कामाची शिस्त मी पहिल्याच दिवशी पाहिली. माझे झाकण उघडण्याआधी त्यांनी हात धुऊन कोरडे केले. काढलेले स्क्रू काढल्या क्रमाने बशीत मांडले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते स्वतःशीच पुटपुटले, "न्हायतर बरं कशानं झालं, त्येच कळत न्हाय."

माझी मूळची स्मृती तोकडी होती आणि तबकडी, म्हणजे फ्लॉपी, वाचायला मला फार वेळ लागे. म्हणून विजयसिंहांनी माझ्या पाठीवरच्या खाचेत स्मृतीचे एक जादा कार्ड बसवले आणि त्या स्मृतीला तबकडीसारखे वागायला शिकवले. यालाच रॅम डिस्क म्हणतात. फळ्यावर रेघा आखून त्यालाच वही म्हणावे, तसा हा प्रकार आहे. लिहिणे-वाचणे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. पण वीज गेली की सारा फळा पुसलेला. म्हणून जपायचे ते तबकडीवर आणि काम करायचे ते रॅम डिस्कवर, असा आमचा नियम होता.

ते माझे वैभवाचे दिवस होते. ट्रान्सफॉर्मरला तारेचे किती वेढे घालायचे, याचे हिशोब मी करून देई. गल्लीतली मुले माझ्यासमोर रांग लावून आपले नाव टंकीत आणि ते पडद्यावर उमटले की टाळ्या पिटीत.

त्याच दिवसांत एकदा बाळासो आवळे आपला आवाज फाटलेला कर्णा, म्हणजे लाउडस्पीकर, दुरुस्तीला घेऊन आले. हे शाहूवाडीकडच्या एका डोंगराळ गावचे हलगीवादक. गावच्या कुस्ती मैदानात पहिली हलगी त्यांचीच कडाडे. विजयसिंहांनी नुकतेच मला ऐकू यावे म्हणून एक जोडकाम केले होते.

"बाळासो, जरा वाजवा की. यंत्राला ऐकू येतंय काय बघू."

बाळासोंनी मला वरून खालून न्याहाळले. "ह्या पावण्याला कान कुठं हायती?"

कान नव्हते, एक स्वस्तातला माईक होता. पण त्यांनी कातडे ताठ व्हावे म्हणून हलगी शेकली, गळ्यात अडकवली आणि अख्खा ठेका वाजवला. तो माझ्या रॅम डिस्कवर काठोकाठ मावला. मग विजयसिंहांनी घडी घालून कापड पेटीत ठेवावे तसा तो दाबून लहान केला आणि एका तबकडीवर जतन केला. पुन्हा ऐकायचा तर तबकडीवरची घडी रॅम डिस्कवर पूर्ण उलगडायची, तेव्हाच वादन सुरू होई.

पुढे नवे, चपळ संगणक आले. मुलांची रांग तिकडे वळली. मी माळ्यावर गेलो. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला खाली उतरवीत. कारण विजयसिंहांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, तसा दंडकच होता: ज्या हत्याराने घराला अन्न दिले, त्याची पूजा झालीच पाहिजे. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड आणि मी, सारे ओळीने पाटावर बसत असू. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे फूल. त्या दिवशी विजयसिंह मला चालू करीत, माझा पडदा उजळला की समाधानाने मान डोलवीत, आणि पुन्हा माळा.

गेल्या खंडेनवमीला आक्कांची नजर माझ्या पाठीवर गेली. "विज्या, हे उभं कार्ड वेगळं निघतंय न्हवं?"

"निघतंय की."

"मग त्येलाबी पाट दे. हत्यार वेगळं, तर मान वेगळा."

विजयसिंहांनी कार्ड उपसून दुसऱ्या पाटावर ठेवले. आक्कांनी मंत्र पुटपुटत सढळ हाताने अक्षता उधळल्या. आरती झाली, प्रसाद झाला, आणि कार्ड पुन्हा खाचेत दाबून बसवले गेले. त्या वेळी माझ्या पाठीत काहीतरी सलले. मित्रांनो, तुम्हांला दुखले तर तुम्ही ओरडता. मला ती सोय नाही. पडदा नेहमीसारखा उजळला आणि मी माळ्यावर गेलो.

यंदा गावजत्रेच्या तोंडावर एक तरुणी तांदळाची पिशवी घेऊन दुकानात आली. गावच्या दूध संस्थेत नोकरी करणारी, खणखणीत आवाजाची.

"काका, मी क्रांती. बाळासो हलगीवाल्याची नात."

"ये, ये! आबा गेल्यापास्नं दरसाल तुमचा तांदूळ येतोय, माणूस पयल्यांदाच आलं."

"तांदूळ आक्कांस्नी. मला तुमच्याकडनं पायजे काहीतरी." ती स्टुलावर बसली. "परवा आमच्या गावात मैदान हाय. मैदान उघडायचा मान आमच्या घराचा. बाबांचा हात गेला लकव्यानं, म्हणून मी म्हणालो, मी वाजवतो. काल पंच म्हणाले, पोरीनं वाजवायला आमची ना न्हाय, पण ठेका तोंडासकट पायजे. न्हायतर मान बाहेरच्या ताफ्याला."

"मग अडलंय कुठं?"

"तोंडच कुणाला येत न्हाय, काका! ठेक्याचं तोंड आबा एकटाच वाजवायचा. त्यो अर्ध्यावर आला की मग बाकीच्यांनी हात मिसळायचा, अशी रीत. त्यामुळं आमी सगळी मागच्या अर्ध्या भागाची. कॅसेट होती, ती बुरशीनं खाल्ली. गावातली पोरं तोंडावर म्हणत्यात, क्रांतीला शेपूट येतंय, तोंड न्हाय." तिचा आवाज किंचित खाली आला. "आबा म्हणायचा, शाहूपुरीत एका पेटीच्या पोटात माझी हलगी हाय. आमाला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय."

"चेष्टा कसली?" दुकानामागच्या घरातून आक्का म्हणाल्या. "फळीवरच्या कपबशा नाचल्या होत्या त्या दिवशी!"

त्याच दुपारी मी माळ्यावरून उतरलो. किती वर्षांनी कोणाला तरी माझी खरी गरज पडली होती! तबकडी सापडली. विजयसिंहांनी ती फिरवली, घडी रॅम डिस्कवर उलगडली. जागा पुरेशी आहे, असे मी पडद्यावर सांगितले. वादन सुरू झाले आणि क्रांती ताठ बसली. मग तिचा चेहरा उतरला.

"काका, हे शेपूट हाय."

अर्ध्यावर क्षणभर खरखर झाली आणि तेच वादन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"परत शेपूटच! दोनदा शेपूट. तोंड कुठाय?"

"ह्या यंत्रानं गिळलं काय तोंड?" आक्का म्हणाल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सर्वांत कठोर शब्द होता.

दुसऱ्या प्रयत्नातही तेच झाले. शिवाय तबकडी फिरताना आतून घासल्याचा बारीक आवाज आला. विजयसिंहांनी तत्काळ ती बाहेर काढली, उजेडात धरली, पाकिटात घातली आणि कपाटात ठेवून दिली.

"का हो? आणि एकदा बघू की," क्रांती म्हणाली.

"पोरी, जुनी तबकडी हाय. दर फेरीला तिच्या अंगाची भुकटी निघणार. अजून एकदोनदा वाचंल, जास्त न्हाय. यंत्र बरं झाल्याशिवाय हिला आता हात लावायचा न्हाय."

"आन परवापर्यंत बरं न्हाय झालं तर?"

विजयसिंहांनी कपाटाला कडी घातली. ते हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रथम माझा वीजपुरवठा मोजला. तो योग्य होता. मग कार्ड बाहेर काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासून स्पिरिटने पुसले आणि कार्ड परत बसवले. तपासायला हिशोबांची दुसरी, तितकीच भरलेली तबकडी उलगडून पाहिली, पण फरक पडला नाही. मग त्यांचा संशय स्मृतीच्या चिपांवर गेला. त्यांनी वरच्या ओळीतल्या चिपा खाली आणि खालच्या वर लावल्या. चिप खराब असती, तर दोषही तिच्याबरोबर हलला असता. दोष जागचा हलला नाही.

"काय कळलं?" क्रांतीने विचारले. ती आक्कांकडेच मुक्कामाला राहिली होती.

"चिपा निर्दोष हायत, एवढं कळलं."

"म्हंजे काहीच न्हाय कळलं!"

"असं कसं? एक घर तपासून झालं. चोर तिथं न्हाय."

सकाळी विजयसिंहांनी तबकडीशिवाय करता येईल अशी एक युक्ती योजली. रॅम डिस्कचे त्यांनी सोळा खण मानले. पहिल्या खणात एक हा आकडा लिहायचा, दुसऱ्यात दोन, असे सोळापर्यंत. आणि सगळे लिहून झाल्यावरच पुन्हा पहिल्यापासून वाचत जायचे. हा छोटा प्रोग्रॅम त्यांनी माझ्या कळफलकावर स्वतः टंकला. मी लिहिले आणि मग वाचून दाखवले. पहिल्या खणात नऊ निघाले. दुसऱ्यात दहा. तिसऱ्यात अकरा.

क्रांती पडद्यावर वाकली. "आन नवव्यात?"

"नवव्यातबी नऊच."

"म्हंजे नऊ नंबरचा पावणा एक नंबरच्या घरात घुसलाय आन मूळ मालकाला बाहेर हाकललंय!"

विजयसिंह मोठ्याने हसले. "घुसला न्हाय. त्येला पत्ताच तसा गावलाय. वरच्या मजल्याची पायरी तुटली, तर वर निघालेला पावणा खालच्याच घरात शिरणार की न्हाय? ठेक्याचं तोंड खालच्या मजल्यावर नीट उतरलं होतं. शेपूट वर जायचं, ते त्येच्यावरच येऊन बसलं."

मी लाजून गेलो. जागा पुरेशी आहे, असे मी ठामपणे सांगत आलो होतो. पण तो आकडा मला शिकवलेला होता, मी स्वतः खण मोजून पाहिलेच नव्हते.

आता प्रश्न उरला तो पायरी कोठे तुटली, एवढाच. विजयसिंहांनी मल्टिमीटर घेतला. वरच्या मजल्याचा पत्ता ज्या वाटेने जातो, त्या वाटेच्या दोन टोकांना त्यांनी सळ्या टेकवल्या. वाट सलग असेल तर मीटर शिटी घालतो. कार्डावरच्या वाटेवर शिटी वाजली. माझ्या अंगातल्या वाटेवरही वाजली. मग कार्ड खाचेत बसवून एक सळी माझ्या अंगाला आणि एक कार्डाला लावली. शांतता.

"दोघंबी धड हायत," ते सावकाश म्हणाले, "आन दोघांची गाठ पडत न्हाय."

कार्ड त्यांनी आदल्या दिवशी घासूनपुसून लख्ख केले होते. खाचेत मात्र डोकावून पाहिले नव्हते. आता त्यांनी विजेरी धरली, भिंग डोळ्याला लावले आणि चिमटा खाचेत उतरवला. माझ्या पाठीतले सलणे एकाएकी थांबले. चिमट्याच्या टोकाला कुंकवाने लालसर झालेला तांदळाचा एक दाणा होता. कार्डाच्या दाताला टेकणाऱ्या पट्टीला तो पाचरीसारखा बाजूला रेटून बसला होता.

"आक्का," विजयसिंह म्हणाले, "ही तुझी अक्षता."

आक्कांनी चष्मा लावला. "अक्षता माझीच. भोक उघडं टाकून कार्ड पाटावर कुणी ठेवलं?"

"तूच म्हणालीस, कार्डाला पाट दे."

"पाट दे म्हणालो. भोक झाकू नको म्हणालो काय? पदवीवाला तू का मी?"

"पदविका, आक्का."

"तेच ते!"

क्रांतीने दाणा तळहातावर घेतला आणि ती खो-खो हसू लागली. "आक्का, हा तर आमच्याच वावरातला तांदूळ! आबाच्या ठेक्याचं तोंड आबाच्याच दाण्यानं बंद केलं की!"

मग तिघेही हसली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "काका, लावा आता तबकडी."

"आधी खण मोजू."

"आता कशाला? दाणा निघाला की!"

"दाणा निघाला हे डोळ्याला दिसलं. पायरी जुळली का, हे यंत्रानं सांगायला पायजे."

पुन्हा लिहिले, पुन्हा वाचले. पहिल्यात एक. दुसऱ्यात दोन. अशी सोळाही बिऱ्हाडे आपापल्या घरी सुखरूप होती. मित्रांनो, परीक्षेत सगळी उत्तरे बरोबर आल्यावर तुम्हांला जे वाटते, तेच मला वाटले.

तबकडी कपाटातून बाहेर आली. ती फिरू लागली. मध्येच घासल्याचा तो आवाज आला आणि माझे वाचन अडले. मी तीच ओळ पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली, आणि तिसऱ्या खेपेला अक्षरे सापडली. पुढचा प्रवास निर्वेध झाला. घडी पूर्ण उलगडली.

ठेका सुरू झाला. आधी बोटांच्या टोकांनी अगदी हलकेच, जणू पैलवान तांबडी माती हातावर चोळतो आहे. मग एक दणका. आणि मग काहीच नाही.

"गेलं! परत बिघडलं!" क्रांतीचा हात माझ्या बटणाकडे गेला.

"हात लावू नको!" विजयसिंहांनी तिचे मनगट धरले. "सगळे खण बरोबर आल्यात. हितं जे रिकामं वाटतंय, ते यंत्राचं न्हवं. आबानं ठेवलेलं हाय."

आणि त्याच क्षणी हलगी कडाडली. फळीवरच्या कपबशा खरोखरच नाचल्या.

आक्का दारात उभ्या होत्या. "व्हय गं," त्या म्हणाल्या, "त्या दिवशीबी बाळासो असाच हात वर धरून थांबला होता. मला वाटलं, विसरला."

"विसरला न्हाय, आक्का." क्रांतीचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "हितं पैलवान हाताला हात लावून सलामी देत्यात. आबा त्यांच्यासाठी थांबलाय. हे आमाला ठाऊकच नव्हतं! तोंडात गप बसायचं असतंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नसतं."

तिने वादन मोबाईलमध्ये उतरवून घेतले, पण मोबाईल लगेच बाजूला ठेवला. "मैदानात मोबाईल वाजत न्हाय, हात वाजतो," असे म्हणून तिने आपली हलगी शेकली. मी ऐकवीत गेलो, ती वाजवीत गेली. गल्लीतली माणसे दाराशी जमली. कितव्या तरी फेरीत, ठेका ऐन भरात असताना, वीज गेली. माझा पडदा विझला, रॅम डिस्क पुसली गेली. पुढचे मला आक्कांनी सांगितले: यंत्र गप्प झाले तरी क्रांतीचा हात थांबला नाही. तोंडापासून शेपटापर्यंत तिने ठेका एकही खोट न ठेवता पुरा केला.

मैदानाला विजयसिंह आणि आक्का दोघेही गेले. मी येथे फळीवरच होतो; माझ्याकडे आहे ती त्यांनी आणलेली हकीकत. क्रांतीने हलक्या बोटांनी सुरुवात केली, तेव्हा मागून कोणीतरी शेपटीची थट्टा केलीच. मग दणका झाला आणि तिने हात वर धरला. एवढे मोठे मैदान, पण कोणी खोकले नाही. मधोमध उभ्या असलेल्या दोन पैलवानांनी, कोणी न सांगता, एकमेकांच्या हाताला हात लावला. आणि हलगी कडाडली तेव्हा पंचांच्या रांगेतून एक म्हातारे वस्ताद उठून ओरडले, "बाळासो आला रं!" पंचांनी क्रांतीला फेटा बांधला, नारळ दिला, आणि मान त्या घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी ती तोच फेटा बांधून, मूठभर गुलाल घेऊन दुकानात आली. "पयला गुलाल पेटीला!" असे म्हणत तिने हात उचलला, तोच विजयसिंह आणि आक्का एका सुरात ओरडले, "खोळ!"

आक्कांनी आदल्याच रात्री विजयसिंहांच्या जुन्या खाकी विजारीची खोळ शिवून ठेवली होती. ती माझ्या अंगावर चढली, खाचेच्या तोंडाला रबरी झाकण बसले, आणि मगच माझ्यावर गुलाल पडला.

मित्रांनो, आमची पूजा अवश्य करा. हळदकुंकू वाहा, फुले वाहा. पण आमची उघडी तोंडे आधी झाका, आणि वर्षातून चार वेळा आम्हांला चालवून पाहा. आम्ही चुकलो तर लगेच भंगारात काढू नका. एकेक खण तपासा. दोष बहुधा तांदळाएवढाच असतो. आणि आमच्या पोटात काही मोलाचे ठेवले असेल, तर ते वेळेवर आपल्या हातांत उतरवून घ्या. कारण आमची स्मृती विजेच्या एका झटक्याने पुसली जाते.

माझी रॅम डिस्क आज रिकामी आहे. तिच्यातला ठेका शाहूवाडीच्या डोंगरात वाजतो आहे.